शुक्रवारच्या ताटातील बीव्हर : मांस की मासळी?

उपवासकाळ जवळ आला की धर्मग्रामांतून एक प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो : शुक्रवारी नेमके काय वर्ज्य आहे? मटण आणि कोंबडी नको, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पण अंडे चालते का? मटणाचा नुसता रस्सा घेतला तर? खेकडा मांसात मोडतो की मासळीत? शिक्षणासाठी वा नोकरीसाठी कॅनडात गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या कानी तर याहूनही नवलाची गोष्ट पडते. बीव्हर नावाच्या चार पायांच्या, केसाळ प्राण्याला त्या देशात एकेकाळी मासा मानले गेले होते आणि उपवासकाळात त्याचे मांस, विशेषतः त्याचे शेपूट, भाविक लोक निःशंक मनाने खात असत. हे ऐकून प्रथम हसू येते. परंतु या गोष्टीमागे ख्रिस्तसभेच्या उपवासविषयक शिकवणीचा मोठा इतिहास दडलेला आहे. आपल्या स्वतःच्या ताटाकडे पाहण्याची दृष्टीही त्यातून मिळते. म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

बीव्हर म्हणजे कोणता प्राणी?

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील गाव. ऊस, कालवा, बंधारा आणि पाण्याची पाळी यांभोवती तेथील जीवन फिरते. अशा गावातील माणसाला बीव्हरची ओळख करून द्यावयाची, तर 'स्वतः बंधारा बांधणारा प्राणी' एवढेच सांगणे पुरेसे आहे. आपल्या दातांनी तो झाडे पाडतो. त्यांच्या फांद्या, चिखल आणि दगडगोटे रचून तो ओढ्याला बांध घालतो आणि अडविलेल्या पाण्यात लाकडांचे घर उभारतो. त्या घराचे दार पाण्याखाली असते. त्यामुळे लांडग्यासारख्या शत्रूला आत शिरता येत नाही आणि वरचे पाणी गोठले तरी आतल्या कुटुंबाचे येणेजाणे चालू राहते.

नीरेत किंवा भीमेत बीव्हर नाही. भारतात तो कोठेच आढळत नाही. त्याच्या दोन जाती आहेत. एक उत्तर अमेरिकेत आणि दुसरी युरोप व आशियाच्या थंड प्रदेशांत राहते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो उंदीर, खार आणि साळिंदर यांच्याप्रमाणे कुरतडणारा सस्तन प्राणी होय. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन सामान्यतः ११ ते ३० किलो भरते. त्याच्या पुढच्या दातांत लोह असल्याने ते नारिंगी दिसतात. मागच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात. शेपूट मात्र त्याच्या इतर शरीराशी मुळीच न जुळणारे असते. ते वल्ह्यासारखे रुंद व चपटे, केसविरहित आणि खवल्याखवल्यांचे असते. पोहताना ते सुकाणूचे काम करते. संकट दिसताच बीव्हर ते पाण्यावर जोराने आपटून इतरांना सावध करतो. थंडीसाठी चरबीचा साठाही याच शेपटात केलेला असतो.

बीव्हर मासे खात नाही. झाडांची आतली साल, कोवळ्या फांद्या आणि पाणवनस्पती हेच त्याचे अन्न होय. काही जण त्याला पाणमांजर समजतात, पण तो गैरसमज आहे. पाणमांजर हा मासे खाणारा, सर्वस्वी वेगळा प्राणी आहे.

ख्रिस्तसभेपुढे प्रश्न कसा आला?

मध्ययुगात उपवासकाळाचे नियम आजच्यापेक्षा पुष्कळ कडक होते. चाळीस दिवस मांस तर वर्ज्य होतेच, शिवाय अंडी, दूध, लोणी यांनाही बंदी होती. मांस कशाला म्हणावयाचे, याचे उत्तर तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात दिले आहे. जमिनीवर वावरणाऱ्या व श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे मांस आणि त्यांच्यापासून मिळणारे दूध व अंडी हे पदार्थ उपवासात वर्ज्य, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. असे अन्न माणसाला अधिक रुचते, अधिक पुष्ट करते आणि त्याच्या वासना चेतविते, हे कारणही ते देतात. ही विभागणी आजच्या प्राणिशास्त्राची नव्हती. सस्तन प्राणी, मासे, सरपटणारे प्राणी असे शास्त्रीय वर्ग त्या काळी ठरलेले नव्हते. जमिनीवर राहणारे ते एकीकडे आणि पाण्यात राहणारे ते दुसरीकडे, अशी सर्वसामान्य माणसाला सहज समजणारी ती वाटणी होती.

बीव्हर या दोहोंच्या सीमेवर बसतो. वेल्समधील धर्मगुरू व लेखक जेराल्ड यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे की, जर्मनी व उत्तरेकडील प्रदेशांत मोठी धार्मिक माणसेही उपवासाच्या दिवसांत बीव्हरचे शेपूट खातात, कारण चवीने आणि रंगाने ते माशासारखे असते. युरोपात पुढे कातड्यासाठी, मांसासाठी व औषधी समजल्या जाणाऱ्या ग्रंथीसाठी बीव्हरची इतकी शिकार झाली की, विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सुमारे १,२०० बीव्हर उरले होते. संरक्षणामुळे आज त्यांची संख्या पुन्हा दहा लाखांच्या वर गेली आहे.

सतराव्या शतकात फ्रेंच लोक कॅनडात वस्ती करू लागले, तेव्हा हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. क्वेबेकच्या परिसरात वर्षाचे कित्येक महिने नद्या गोठलेल्या असतात. शेती नुकतीच सुरू झालेली होती. कातड्याचा व्यापार करणारे फ्रेंच आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेले तेथील आदिवासी दोघेही रानात हिंडून मिळेल ते खात असत. उपवासकाळ नेमका हिवाळ्याच्या शेवटी येतो. साठविलेले धान्य तेव्हा संपत आलेले असते आणि नवे पीक दूर असते. अशा माणसाला बीव्हर वर्ज्य म्हणून सांगणे म्हणजे पुष्कळदा उपाशी राहण्यास सांगणे होते.

१६५९ साली बिशप फ्रांस्वा द लाव्हाल क्वेबेकमध्ये आले. १६७४ मध्ये तेथे धर्मप्रांत स्थापन झाल्यावर ते त्याचे पहिले बिशप झाले आणि २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. बीव्हरचा प्रश्न त्यांनीच पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला, असे परंपरा सांगते. येशूसंघीय इतिहासकार फादर शार्लव्हा यांनी १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या निर्णयाची नोंद केली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पॅरिसच्या वैद्यकशास्त्र विभागाने शेपटाच्या आधारे बीव्हरला मासा ठरविले आणि त्यावरून ईशज्ञान विभागाने मांसवर्जनाच्या दिवशी त्याचे मांस खाण्यास हरकत नाही असा निर्वाळा दिला. युरोपात मुख्यतः शेपटापुरती असलेली मोकळीक कॅनडात अशा रीतीने सबंध प्राण्याला लागू झाली.

शेपटाचे मोल

शेपूटच इतके मोलाचे का, याचे उत्तर थंडीत आहे. रानातील ससे व इतर लहान प्राणी हिवाळ्यात अगदी रोड होतात. त्यांच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. केवळ असे मांस खाऊन राहणारा माणूस पोटभर जेवूनही खंगत जातो, कारण कडाक्याच्या थंडीत शरीराला स्निग्ध पदार्थ लागतात. उत्तरेकडील शिकाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. बीव्हरचे शेपूट म्हणजे त्यांच्या दृष्टीने तुपाची बुधलीच होती.

ते शिजविण्याची रीत अशी. शेपटावरची खवल्यांची कातडी फार चिवट असते आणि सुरीने सोलता येत नाही. म्हणून शेपूट विस्तवावर किंवा निखाऱ्यांवर धरतात. वांगे भाजताना साल सुटते त्याप्रमाणे ही कातडी फुगते, तिला फोड येतात आणि ती हाताने ओढून काढता येते. आत मध्यभागी मणक्याची हाडे आणि त्यांभोवती पांढरा, चरबीयुक्त, चिकट भाग असतो. त्यात मांस असे फारसे नसतेच. त्याचे तुकडे करून ते सुक्या वाटाण्याच्या अथवा घेवड्याच्या दाण्यांबरोबर मंद आचेवर तासन्‌तास शिजवितात. चरबी विरघळून कडधान्यात मुरते. आपल्याकडे पाया शिजवितात तेव्हा रस्सा जसा दाट व चिकट होतो, तशीच काहीशी त्याची गत होते. काही जण शिजवलेले तुकडे थंड करून, पीठ लावून तळतात.

उरलेल्या शरीराचे मांस गडद तांबडे असते आणि माशाशी त्याचे काहीही साम्य नाही. ते करताना पहिली काळजी ग्रंथींची घ्यावी लागते. शेपटाच्या मुळाशी उग्र वासाच्या ग्रंथींच्या दोन जोड्या असतात. त्यांतील एका जोडीतून निघणारा पदार्थ सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायात वापरला गेला आहे. या ग्रंथी न फुटता अखंड काढाव्या लागतात. फुटल्या तर सगळे मांस वाया जाते. त्यानंतर वरची चरबी खरवडून टाकतात आणि मांस रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवितात. सकाळी ते पाणी फेकून, कांदा, गाजर, बटाटा व तमालपत्र घालून झाकण ठेवून मंदाग्नीवर मऊ होईपर्यंत शिजवितात. आदिवासी लोक सबंध बीव्हर दोरीला टांगून विस्तवाशेजारी हळूहळू फिरवीत भाजतात.

आरोग्याच्या दृष्टीनेही खबरदारी आवश्यक आहे. बीव्हरपासून टुलारेमिया नावाचा जिवाणुजन्य ताप माणसाला होऊ शकतो. म्हणून प्राणी सोलताना हातमोजे घालतात, आजारी दिसलेला वा मेलेला सापडलेला प्राणी वापरीत नाहीत आणि मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापेल इतके शिजवितात. कॅनडात बीव्हर पकडण्यास परवाना व ठरावीक हंगाम यांचे बंधन आहे. हौसेखातर कोणीही तो मारू शकत नाही.

येथे एक गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. येशूसंघीय फादर पॉल ल जन यांनी १६३४ साली क्वेबेकहून पाठविलेल्या वृत्तान्तात लिहिले आहे की, तेथील इन्नू लोक बीव्हरची हाडे कुत्र्यांपुढे टाकीत नसत. ती ते विस्तवात अथवा नदीत विसर्जित करीत. ज्या प्राण्याने आपल्याला जगविले त्याचा अवमान होऊ नये, ही त्यामागची भावना. अन्नाविषयी असलेला हा आदर आपल्याही घरांत पूर्वीपासून चालत आला आहे. ताटात अन्न टाकू नये, सांडलेली भाकरी उचलून घ्यावी, असे आपल्या आजीआजोबांनी आपल्याला शिकविलेले असते.

जाता जाता हेही सांगावयास हवे की, ओटावा शहरात गेलेल्या आपल्या मंडळींना 'बीव्हर टेल्स' अशी पाटी दिसली तर दचकण्याचे कारण नाही. १९७८ पासून विकला जाणारा तो गव्हाच्या पिठाचा तळलेला गोड पदार्थ आहे. आकाराने शेपटासारखा म्हणून हे नाव पडले. त्यात मांसाचा अंशही नाही.

इतर देशांतील उदाहरणे

बीव्हरचे उदाहरण एकटे नाही. व्हेनेझुएलात कॅपीबारा हा डुकराएवढा पाणथळ प्राणी उपवासकाळात खाण्याची जुनी प्रथा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेट्रॉइटच्या दक्षिणेस नदीकाठी राहणारे कॅथलिक मस्करॅट नावाचा पाणउंदरासारखा प्राणी शुक्रवारी खातात. १८१२ च्या युद्धानंतरच्या टंचाईत फादर गॅब्रिएल रिशार यांनी ही सवलत दिली, असे ते सांगतात. २०१० साली न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप ग्रेगरी एमंड यांनी एका भाविकाला उत्तर देताना मगरीच्या जातीचा अॅलिगेटर शुक्रवारी चालतो असे कळविले होते. या उदाहरणांतील बीव्हर, कॅपीबारा आणि मस्करॅट या तिन्हींचा मूळ प्रदेश पाणथळ होता, हे प्राणी तेथील सामान्य माणसाचे रोजचे अन्न होते आणि त्याची अडचण ओळखून ही मोकळीक रूढ झाली.

आजचा नियम काय सांगतो?

पोप पॉल सहावे यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी 'पेनितेमिनी' या आज्ञापत्राद्वारे प्रायश्चित्ताचे नियम नव्याने मांडले. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२४९ ते १२५३ यांत ते समाविष्ट आहेत. त्यांचा सारांश असा :

• सणाचा महत्त्वाचा दिवस नसल्यास वर्षातील प्रत्येक शुक्रवारी मांस अथवा बिशप परिषदेने ठरविलेले अन्य अन्न वर्ज्य आहे.
• राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी मांसवर्जन व उपवास दोन्ही पाळावयाचे असतात.
• मांसवर्जन वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू आहे. उपवास सज्ञान झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत लागू आहे.
• बिशप परिषद मांसवर्जनाऐवजी दानधर्म, प्रार्थना अशी अन्य प्रायश्चित्ते ठरवू शकते.

१९६६ च्या आज्ञापत्रानुसार अंडी, दुधाचे पदार्थ आणि प्राण्यांच्या चरबीची फोडणी यांना मनाई नाही. खेकडा व कोळंबी पाण्यातील जीव असल्याने चालतात. मटणाचा रस्सा १९१७ च्या धर्मसंहितेत स्पष्टपणे वर्ज्य होता. आजही फोडी बाजूला सारून रस्सा ओरपणे व्रताच्या हेतूला धरून होणार नाही. शंका असल्यास आपल्या धर्मप्रांताचे परिपत्रक पाहावे वा धर्मगुरूंना विचारावे.

मात्र या नियमात एक शब्द कोठेही नाही, तो म्हणजे 'मासे'. मांस टाळा असे ख्रिस्तसभा सांगते, मासे खा असे ती सांगत नाही. हा भेद आपल्या ध्यानात राहत नाही आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. मासळी हे एकेकाळी गरिबाचे अन्न होते म्हणून ती चालत असे. आज पापलेट आणि सुरमई यांचे भाव मटणाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर जातात. शुक्रवारी हॉटेलात जाऊन तळलेल्या पापलेटावर ताव मारणाऱ्याने नियमाचे अक्षर पाळले, परंतु त्याने सोडले काय? आपल्या शेजारी एकादशी पाळणारा समाज आहे आणि त्याच समाजाने 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण स्वतःवरच हसत रचली आहे. ती म्हण आपल्या शुक्रवारांनाही तितकीच लागू पडते.

नीरा-भीमेच्या काठी

आता आपल्या परिसराकडे वळू या. कोऱ्हाळ्याजवळून पुढे वाहत जाणारी नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. त्याच तालुक्यात उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. भिगवणच्या बाजारात रोहू, कटला, चिलापी, वाम अशी गोड्या पाण्यातील मासळी मुबलक मिळते. ज्यांना शुक्रवारी मासळी हवी त्यांना तिची वाण नाही.

परंतु पाण्यात राहतो तो प्रत्येक जीव आपल्या ताटासाठी आहे, असा बीव्हरच्या कथेचा अर्थ कोणी लावू नये. कासव व पाणमांजर हेही पाण्यातलेच, मग ते का चालू नयेत, असा युक्तिवाद सहज सुचण्यासारखा आहे. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पाणमांजर, घोरपड आणि गोड्या पाण्यातील अनेक जातींची कासवे संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, मारणे, विकणे वा खाणे हा तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. ताट शुक्रवारचे असो वा ईस्टरचे, त्याने काही फरक पडत नाही. कॅनडातील शिकाऱ्याला मिळालेली मोकळीक भुकेपोटी होती. धान्याने आणि भाजीपाल्याने भरलेल्या आपल्या बारामती-इंदापुरात तसे कारण कोणाला सांगता येणार नाही. शिवाय ज्या नदीतून पाणमांजर नाहीसे होते, त्या नदीतील मासळीही हळूहळू कमी होत जाते, कारण दोघांनाही लागते ते स्वच्छ, जिवंत पाणी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रातून सृष्टीविषयीच्या याच जबाबदारीची आपल्याला आठवण करून दिली आहे.

आपण काय करावे?

बंधुभगिनींनो, बीव्हर मासा आहे का, या प्रश्नाचे प्राणिशास्त्राचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याबद्दल वाद नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या धर्मपंडितांनाही त्याच्या अंगावर केस दिसत होतेच. बर्फात अडकलेल्या गरीब माणसाला उपवासकाळही पाळता यावा आणि जगताही यावे, एवढीच त्यांची कळकळ होती. माणसासाठी नियम आहे, हे प्रभूच्या शिकवणीतील तत्त्व त्यांनी आपल्या परीने अमलात आणले.

आपल्यापुढील प्रश्न त्याच्या उलट आहे. आपल्याला अन्नाची टंचाई नाही, निवडीचा मात्र सुकाळ आहे. म्हणून येत्या शुक्रवारी काय चालते हे विचारण्याआधी आपण काय सोडणार आहोत, हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. पिठले-भाकरी, ठेचा आणि कांदा असे साधे जेवण एका वेळी केले आणि वाचलेले पैसे धर्मग्रामातील एखाद्या आजारी माणसाच्या औषधासाठी दिले, तर ते मांसवर्जन पूर्ण झाले. उसाच्या फडात कोयता चालवून संध्याकाळी मिळेल ते खाणाऱ्या तोडणी कामगारांच्या पालांवर बारामती परिसरात हंगामात कितीतरी लहान मुले राहत असतात. आपल्या घरच्या शुक्रवारच्या शिधेतील एक वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचविणे आपल्यापैकी कोणालाही अशक्य नाही.